डाव्या बाजूचे नट

व्हिटमार्श, नॉर्थ डकोटा
८ सप्टेंबर २००३

लव्हॉन,

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. मेलं असतं तर फोन केला असता. एरवी तुला फोन करण्यात अर्थ नाही. तुला काही ऐकू येत नाही आणि तू नुसती "हो का, हो का" करतेस.

गोष्ट माझ्या मोटरहोमची आहे, ज्या चाकांवरच्या घरात मी दर हिवाळा तुझ्याशेजारी काढते तिची. वसंतात तुझ्याकडून परत येताना नेब्रास्कात टायर फाटला, तेव्हा स्टेपनी लावून कसंबसं घर गाठलं होतं. परवा म्हटलं, हिवाळ्याआधी सगळे टायर बदलून टाकू. टायरवाल्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाशी वाकला आणि दोन पावलं मागं सरकला, जसं काही चाकाखाली पिसाळलेलं कुत्रं बसलंय.

म्हणाला, "आजी, ह्या मापाचे टायर आता कोणी बनवत नाही."

म्हटलं, "मग जवळपासच्या मापाचा बसव. मी काही शर्यतीत नेणार नाही."

तर म्हणे रिमच जुन्या पद्धतीची. बाहेरचं कडं वेगळं असतं. हवा भरताना ते सुटलं तर भरणाऱ्याचं डोकं घेऊन जातं. "आणि मला माझं डोकं हवंय," म्हणाला. मी ते डोकं नीट बघितलं. फार काही नुकसान झालं नसतं. पण तो हात लावेना. रिमसकट सहाच्या सहा चाकं बदला, मगच या, म्हणाला. आता एकाहत्तर सालच्या गाडीची चाकं काय मी अंगणात पेरू?

त्यात कर्टिस. जन्माला घातला तेव्हा चांगला होता. त्यानं घरी येऊन सांगितलं, "आई, ह्या वर्षी गाडी हलली नाही तर मी ती भंगारात देतो. तू आमच्या तळघरात राहायचं." सूनबाईनं पलंगसुद्धा मांडून ठेवलाय, कपडे धुवायच्या मशीनशेजारी. पलंगावर उशा सात. मी एक माणूस, माझं डोकं एक. बाकीच्या सहा उशांवर कोण झोपणार आहे ते तिलाच माहीत. वर वासाची मेणबत्ती लावते, भोपळ्याच्या वासाची. एकदा तळघरात गेले की मी वर येणार नाही, लव्हॉन. मला तिथूनच चर्चला नेतील, आडवी.

तुमच्या त्या ट्रेलर उभ्या करायच्या पार्कचा नियम मला पाठ आहे. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगची टर्की कापायच्या आत ज्याची गाडी जागेवर उभी नाही, त्याची जागा यादीतल्या पुढच्याला जाते. माझ्यानंतर यादीत कोण आहे तेही ठाऊक आहे. तो सांडपाण्याच्या खड्ड्याशेजारी राहणारा अल्गोट. अकॉर्डियनवाला. आणि स्वीडिश! आपल्या नॉर्वेजियन बापानं आंधळा घोडासुद्धा कधी स्वीडिश माणसाला विकला नाही, आणि तुझ्या खिडकीशेजारी माझ्या जागेवर तो येऊन भाता दाबत बसणार? मी येतेय. जागा सांभाळ.

आर्डिस


कॅक्टस बेंड पार्क, अ‍ॅरिझोना
१९ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. वाचून काळजात चर्र झालं. मी प्रार्थनेत तुझ्या टायरांचं नाव घेतलं. इथं अजून उन्हाळा हटत नाही, पण सकाळी जरा बरं वाटतं.

ताई, तू उगाच जिवाला त्रास करून घेऊ नकोस. देवाच्या मनात असेल तसं होईल. आणि तळघरं आतून उबदार असतात गं. सात उशा म्हणजे सुनेला तुझी केवढी काळजी! माझ्या सुनेनं तर मला एकही दिली नाही.

जागेची चिंता नको. श्री. अल्गोट तसे वाईट नाहीत. माझ्या ट्रेलरचा ताडपत्रीचा मांडव वाऱ्यानं उडाला होता, तो त्यांनी बांधून दिला. व्हिनेगरमधले हेरिंग मासेही आणून दिले. वाजवतात ते हळू वाजवतात. एखाद्याला वाटेल दूर कुठंतरी गाय हंबरतेय, इतकं हळू.

घाई करू नकोस. पुढच्या वर्षीही हिवाळा येणारच आहे.

तुझी,
लव्हॉन


व्हिटमार्श
६ ऑक्टोबर

लव्हॉन,

तो माणूस तुला धमकावतोय. पत्र तुझ्या अक्षरात आहे पण मजकूर त्याचा. तू आयुष्यात कधी कोणत्या पुरुषाला "श्री." लावलं नाहीस, तुझ्या नवऱ्याला तर नावसुद्धा नव्हतं, नुसतं "अहो ऐकलं का" होतं. पुन्हा मासे आणले तर घेऊ नकोस. आपल्या गावच्या पद्धतीनं तीनदा नको म्हण, आणि मग खरोखरच नको म्हण.

चाकं मिळाली! भंगारवाल्या व्हर्ननकडं एक पाव पोचवायची जुनी गाडी पडली होती. तिची सहाही चाकं एकसंध रिमची, सरळ, आणि त्यांच्या मापाचे टायर आजही मिळतात. मी त्याला बदल्यात एल्मरची बर्फावरची मासेमारीची खोपटी दिली. देव त्याला शांती देवो, माझ्या नवऱ्यानं त्या खोपटीत बसून तीस वर्षांत जेवढे मासे पकडले तेवढे मी एकदा दुकानातून आणले होते. कर्टिस रुसला. त्याचं म्हणणं खोपटी त्याला हवी होती. मी त्याला म्हटलं, "हवीच तर तू माझ्या तळघरातल्या पलंगावर बस आणि धुलाई मशीनला भोक पाडून गळ टाक."

टायरवाल्यानं ह्या रिमांवर नवे टायर बिनबोभाट चढवले. जुनी काढायची आणि ही लावायची, एवढंच काम घरी उरलं. उजव्या बाजूचे नट कर्टिसनं एका सकाळी काढले. नवी चाकं बसली. गाडी उजवीकडून नवरीसारखी दिसते.

डाव्या बाजूचा एकही नट हलत नाही.

कर्टिस लटकला. पान्याला लांब नळी लावून लटकला. मग एल्मरचा भाऊ ऑर्व्हिल आला, तोही लटकला. ऑर्व्हिलचं वजन तुला माहीत आहे. नळी वाकली, नट तसाच. गंज चढलाय म्हणून तेल ओतलं. शेजारचा थोर्वाल्ड रोज येतो, बादली पालथी घालून बसतो, आणि बघतो. मी कॉफी विचारते. तो नको म्हणतो, नको म्हणतो, नको म्हणतो, मग तीन कप पितो. बोलत काही नाही.

त्या पार्कात एवढे रिकामटेकडे म्हातारे आहेत, कोणाला काही उपाय माहीत असेल तर विचारून कळव. तुझ्या त्या भातेवाल्याला सोडून.

आर्डिस


कॅक्टस बेंड
१७ ऑक्टोबर

प्रिय ताई,

नटांचं वाचून फार वाईट वाटलं. मी पुष्कळांना विचारलं. कोणी म्हणालं डुकराची चरबी लावा. कोणी म्हणालं कोका-कोला ओता. शिवणवर्गातल्या बायका म्हणाल्या की जे हलत नाही ते न हलण्यातच देवाचा काही हेतू असतो.

मला तर त्यांचंच पटलं.

एक विचारायचं होतं. तुझ्या जागेवर तू लावलेली ती दगडांची किनार आहे ना, ती जरा आत घेतली तर चालेल का? कोणाच्या मोठ्या ट्रेलरला वळायला सोपं जाईल. म्हणजे सहज विचारलं. कोणाच्याही.

इथं काल संध्याकाळी सामुदायिक भोजन झालं. मी बटाट्याचा लेफ्से केला होता. एकानं सहा खाल्ले आणि म्हणाला की अशी पातळ पोळी त्याच्या आईनंतर कोणाच्या हातची खाल्ली नाही. कोण ते आता आठवत नाही.

चरबी लावून बघ.

तुझी,
लव्हॉन


व्हिटमार्श
३० ऑक्टोबर

लव्हॉन,

माझ्या दगडांना हात लावलास तर बघ.

चरबी लावली. आता गावातली सगळी कुत्री माझ्या डाव्या चाकाशी राहायला आलीत. नट तसेच. कोका-कोला ओतला, तेव्हा मुंग्या आल्या. मुंग्यांना ऑक्टोबरात झोपायचं असतं, त्यासुद्धा उठून आल्या.

रविवारी प्रवचनानंतर पास्टर एन्गेन स्वतः आले. म्हणाले, "आर्डिसबाई, श्रद्धा डोंगर हलवते." म्हटलं, "डोंगर राहू दे, हा एवढा नट हलवा." कोट काढला, बाह्या सारल्या, नळी धरली आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलून लटकले. कर्टिस नळीच्या टोकाला, पास्टर मधे, ऑर्व्हिल पास्टरना खालून धरून ओढतोय. मग जो आवाज आला त्यानं मला वाटलं, सुटला! सुटली होती पास्टरसाहेबांची विजार. मागून, वरपासून खालपर्यंत. तीन बायका म्हणाल्या आम्ही नाही पाहिलं, म्हणजे तिघींनीही पाहिलं. थोर्वाल्ड बादलीवर बसून होता. त्यानं टोपी काढली.

आता ऐक. कर्टिसनं भंगाराच्या क्रेनला पंधरा नोव्हेंबरला बोलावलंय. गाडी अर्धी नवी अर्धी जुनी अशी उभी आहे, एका बाजूनं नवरी आणि दुसऱ्या बाजूनं सासू. सूनबाई काल विचारायला आली की तळघराला पडदा कोणत्या रंगाचा हवा. म्हटलं, काळा.

मला रडता येत नाही हे तुला माहीत आहे, म्हणून मी पुन्हा एकदा नळीला लटकून आले. मी एकोणऐंशी वर्षांची आहे, लव्हॉन. गाडी चालते, इंजिन एका किल्लीत उठतं, मी चालवू शकते. अडलंय ते त्या डाव्या बाजूपाशी.

आर्डिस


कॅक्टस बेंड पार्क, जागा क्रमांक शेवटचा
७ नोव्हेंबर

श्रीमती आर्डिस यांस,

मी अल्गोट. आपण मला ओळखता आणि ओळखत असूनही कधी नमस्कार केलेला नाही, त्यामुळे तोही इथं करत नाही.

काल मी आपल्या भगिनींना सहज विचारलं, "मग, ताईंच्या गाडीचे नट निघाले का?" त्या लाल झाल्या. आधी मला वाटलं उन्हानं. मग त्यांनी विषय हेरिंगच्या बरणीवर नेला, जी मीच दिली होती, आणि त्या रडायला लागल्या. तेव्हा कळलं की मी तीन आठवड्यांपूर्वी जो निरोप दिला तो आपल्यापर्यंत पोचलेलाच नाही.

निरोप असा: त्या काळच्या काही जड गाड्यांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्याचे असतात. उजवीकडचे ज्या बाजूला फिरवून सुटतात, डावीकडचे त्याच बाजूला फिरवले तर आवळतात. चाकाच्या फिरण्यानं ते आपोआप ढिले होऊ नयेत म्हणून तसं करत. बोल्टाच्या टोकावरचा गंज खरवडा, डाव्याची खूण कोरलेली दिसेल. मी स्वतः अशाच एका ट्रकवर वीस वर्षं बीट वाहिले आहेत.

म्हणजे आपले चिरंजीव, आपले दीर आणि आपले पास्टर गेला महिनाभर ते नट आवळत होते.

मला आपली जागा हवी आहे, हे लपवत नाही. सांडपाण्याच्या खड्ड्याशेजारी नऊ वर्षं राहून पाहा म्हणजे समजेल. पण ती मला आपण हरल्यावर हवी आहे. आपले नट हरल्यावर नको.

भगिनींवर फार रागावू नका. थोड्या रागवा.

अल्गोट


व्हिटमार्श
१४ नोव्हेंबर

लव्हॉन,

आत्ता बसून घे, मी येईपर्यंत. मी आले की तुला माझ्यासमोर उभं राहून उत्तर द्यायचं आहे.

पत्र वाचलं तशी चपलेनिशी बाहेर पळाले. बोल्ट खरवडला. खूण होती. गेली बत्तीस वर्षं तिथंच होती आणि आम्ही सगळे तिच्याकडं ढुंगण करून लटकत होतो. मी नळी दुसऱ्या बाजूला फिरवली. अर्थात लगेच सुटले नाहीत, गावातल्या सगळ्या पुरुषांनी महिनाभर जीव लावून आवळले होते. पण ऑर्व्हिल नळीवर नुसता बसला आणि कर्र्र झालं. दोन बोल्ट तुटले. व्हर्ननकडून दुसरे आणले. संध्याकाळपर्यंत डावी बाजूही नवी.

आणि आता ऐक. थोर्वाल्ड बादलीवरून म्हणाला, "हं. उलट्या आट्याचे. माझ्याही जुन्या ट्रकचे तसेच होते."

मी म्हटलं, "तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग मेल्या, बोलला का नाहीस?"

तर म्हणे, "कोणी विचारलं नाही. आणि तुम्ही सगळे इतक्या मनापासून करत होतात. मधे बोलणं बरं दिसलं नसतं."

मी ऑर्व्हिलकडं पाहिलं. ऑर्व्हिल बुटांकडं पाहत होता. त्यालाही आठवड्यानं आठवलं होतं. पण पास्टरसाहेब लटकलेले असताना त्यांना चूक कसं सांगायचं? आज सकाळी कॉफीच्या दुकानात गेले, तिथं अकरा माणसं बसली होती. सगळ्यांना ठाऊक होतं! सगळ्यांनी मला महिनाभर "काय, निघाले का?" विचारलं, मान हलवली आणि पाय पसरून पाय खाल्ला. सफरचंदाचा. ह्या गावात माणूस विहिरीत पडला तर काठावरचे म्हणतील, त्याला पोहायचंच असेल.

पण ते तरी लाजेनं गप्प बसले. तू का बसलीस? तुला ठाऊक होतं. तू मला चरबी लावायला सांगितलंस! मी एवढी बावळट नाही की मला कळणार नाही. "एकानं सहा लेफ्से खाल्ले, कोण आठवत नाही." ज्याला श्री. लावतेस तो! तो तुला धमकावत नाही, तुलाच तो माझ्या जागेवर हवा आहे. त्र्याहत्तर वर्षांची घोडी, आणि खिडकीशेजारी अकॉर्डियन हवं.

क्रेन उद्या येणार आहे. मी आजच निघाले, हे फाटकाबाहेर गाडी थांबवून लिहितेय. कर्टिसनं फाटकात उभं राहून हात आडवे केले होते. मी हॉर्न दिला. आता तो झुडपात आहे, ठीक आहे, त्याला लागलेलं नाही.

आर्डिस


पोस्टकार्ड. न्यू मेक्सिको
२४ नोव्हेंबर

लव्हॉन. चाकं लोण्यासारखी चालतात. वाटेत हिमवादळ लागलं म्हणून पाच दिवस एका पेट्रोल पंपावर अडकले. तिथल्या ट्रकवाल्यांना व्हिस्ट हा पत्त्यांचा डाव शिकवला आणि त्यांना हरवलं. टर्की कापू नका.
आ.


कॅक्टस बेंड
२८ नोव्हेंबर

कर्टिस,

काल दुपारी पोचले. जिवंत आहे. झुडपाचे ओरखडे बरे झाले असतील.

टर्की टेबलावर आली होती. पार्काचा म्हातारा मुकादम सुरी घेऊन उभा होता, सगळ्यांच्या ताटांत बटाटे वाढलेले, आणि तो अल्गोट उभा राहून प्रार्थना म्हणत होता. मला वाटलं, जिंकल्याची प्रार्थना. मी फाटकातून आत शिरले, सरळ माझ्या जागेवर, दगडांच्या किनारीला न लागता. खाली उतरले. तो अजून म्हणतच होता. टेबलावरची एक बाई मला म्हणाली, "बरं झालं बाई आलात, अर्धा तास झाला, आधी देवाचे आभार मानले, मग पावसाचे, मग रस्त्यांचे, मग चाकांचे, रस्सा पार गार झाला." मला पाहिल्यावर त्यानं आमेन म्हटलं आणि सुरी चालली.

म्हणजे जागा राहिली. हे तुझ्या बायकोला सांग, आणि त्या सात उशा वाटून टाका.

मी त्याला म्हटलं, "तुला तर जागा हवी होती." तो म्हणाला, "होती. पण मग तुम्ही आयुष्यभर म्हणाला असतात की स्वीडिश माणसानं गार रश्श्यावर जागा मारली." बरोबर आहे, म्हटलं असतं.

लव्हॉन माझ्यासमोर यायला तयार नव्हती. ट्रेलरच्या मागं लपली होती, पण पाय दिसत होते. मी म्हटलं, "ये बाहेर, मारत नाही, प्रवासानं हात दुखतायत." आली. रडली. मी म्हटलं, नीट रड, मग जेव. मग तिनं सांगितलं.

माझी जागा त्याला मिळाली नाही म्हणून आता तो तिच्याच ट्रेलरमध्ये राहायला येतोय. लग्न करून. पेटीसकट.

मी तीन हजार किलोमीटर हिमवादळातून आले, जागा वाचवली, आणि ते अकॉर्डियन खड्ड्याशेजारून उठून थेट माझ्या शेजारच्या खिडकीत आलं. आधी मधे निदान अख्खा पार्क होता.

आई


खिडकीतून दिलेली चिठ्ठी
९ डिसेंबर

अल्गोट,
सकाळी सातच्या आत तो भाता दाबू नये. माणसं झोपतात.
आर्डिस


खिडकीतून आलेलं उत्तर
त्याच दिवशी

आर्डिसबाई,
लेखी विनंती मिळाली. कोणतं गाणं ऐकायचं नाही ते कळवावं, म्हणजे ते आधी वाजवून संपवता येईल.

दुसरं असं की शनिवारी लग्नासाठी चर्चला जायचं आहे. माझी गाडी हलत नाही, आपल्या भगिनींच्या ट्रेलरला इंजिनच नाही. ह्या पार्कात जिच्या चाकांवर माझा विश्वास आहे अशी एकच गाडी आहे. ती चालवणारीवर अजून विचार चालू आहे.
अल्गोट


खिडकीतून, लगेच

अल्गोट,
नऊला निघेन. वेळेवर नसलास तर तुझ्याशिवाय लग्न लावून आणीन.

पेटी इथं ठेवायची. तू मागं बसायचं. लव्हॉन पुढं बसेल, माझ्याजवळ. लग्न लागेपर्यंत ती माझी बहीण आहे. त्यानंतर तुझी जबाबदारी. परत घेतली जाणार नाही.
आर्डिस